झांजेवरचं टिंब

पुलगावात आमच्या वेळी दोन भोंगे होते. एक गिरणीचा, दुसरा सुलेमानचाचांचा. गिरणीचा भोंगा पाळी बदलली की वाजायचा आणि सगळं गाव त्यावर घड्याळं लावायचं. चाचांचा भोंगा म्हणजे अंगाला वेटोळं घालून खांद्यावर बसणारं ते भलंमोठं पितळी वाद्य. लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यात मागं चालणारा, घामेजलेला माणूस फुंकत असतो ते. आमच्या घरी या दोन भोंग्यांचं नातं होतं. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला की मनूमामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, हात वर करायचा. आम्ही श्वास भरून घ्यायचो. गिरणीचा सूर हवेत असतानाच चाचा त्याच सुरात आपला भोंगा फुंकायचे, मग मामाचं ट्रम्पेट, मग माझं क्लॅरिनेट. असा आमचा सूर लागायचा. पुढं कितीतरी वर्षांनी नागपूरच्या एका जाणकारानं कसलंसं यंत्र लावून बघितलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही सगळे जगापेक्षा जरा वरच वाजवता." मी म्हटलं, "ते आमच्या गिरणीला सांगा." आता तो भोंगा वाजत नाही. सूर मात्र तोच आहे.

ही वाजवावाजवी चालायची आमच्या ढेपेच्या गोदामात. सरकी-ढेपेचं, म्हणजे पेंडीचं, दुकान होतं आमचं. पुढं दुकान, मागं गोदाम, मधे एक भिंत, आणि गोदामाला लागून घर. गुराढोरांच्या खाण्याचा तो तेलकट, गोडसर वास आमच्या कपड्यांना, केसांना, वह्यापुस्तकांना असायचा. शाळेत मुली नाक धरायच्या, मला तर तो अजून कुठं आला की भूक लागते. ढेपेची पोती छतापर्यंत रचलेली असत, त्यामुळं आत कितीही धिंगाणा घाला, आवाज रस्त्यावर जायचा नाही. भिंतीपलीकडं दुकानात मात्र जायचा. तिथं गादीवर मोठेबाबा बसलेले असत, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दुकान त्यांचं, घर त्यांचं आणि घरातला शेवटचा शब्दही त्यांचा. बाबा त्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. आईनं एकदाच जायचा प्रयत्न केला, तो माझ्या नाकातल्या मोरणीवरून, आणि तिथंच आटपला.

मामा फौजेच्या बँडमध्ये होता. कुठल्याशा थंड डोंगरी छावणीत एका म्हाताऱ्या बँडमास्तरनं त्याला जॅझच्या तबकड्या ऐकवल्या आणि त्याचं डोकं फिरलं. कवायतीचं वाजवून झालं की हे दोघं खोलीत बसून ते दुसरं वाजवायचे. नोकरी संपवून तो आमच्याकडं राहायला आला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्याच्या ट्रंकेत गरम कपडे थोडे आणि वाद्यं दोन निघाली. त्यातलं क्लॅरिनेट कुणालाच वाजवता येत नव्हतं, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं. पहिले सहा महिने मी त्यातून काय आवाज काढले असतील ते ढेप जाणे. मामा रागवायचा नाही. तो फक्त एकच गोष्ट शिकवायचा, फौजी हिंदीत वऱ्हाडी मिसळून: "एक तो सबको पता है, नलू. एक काऊन सांगतं? तू दो बता." म्हणजे चार मात्रांतली पहिली सगळ्यांच्याच अंगात असते, तिच्यावर जोर देऊन काय मोठं केलं? जोर द्यायचा दोनवर आणि चारवर. पहिली मनात ठेवायची.

भाऊराव गिरणीत साच्यावर होते. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात उभे राहून त्यांच्या हातापायांत चार वेगवेगळे ठेके बसले होते, त्यांना ड्रम शिकवावा लागला नाही, नुसता पुढ्यात ठेवावा लागला. त्यांनी एक वस्तू स्वतः बनवली होती. भजनातल्या दोन झांजा एका दांडीवर एकीसमोर एक बसवल्या, खाली भंगारातली स्प्रिंग आणि शिलाई मशीनचं पायटं. पाय दाबला की झांजा मिटायच्या, "छक" असा आवाज यायचा. दोनवर छक, चारवर छक. आम्ही तिला पायझांज म्हणायचो. आमचं सगळं गाडं त्या छकवर चालायचं. सुलेमानचाचा स्टोव्ह दुरुस्त करायचे, आसपासच्या बँडवाल्यांची पिचकलेली पितळं ठोकून सरळ करायचे, आणि लग्नसराईत भोंगा घेऊन जायचे. मिशीआडून म्हणायचे, "बारात में मैं सबके पीछे, यहाँ सबके नीचे." आणि खरंच, ते खाली असले की वर काहीही करायला भ्यावं लागायचं नाही.

रविवारी मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, गोदामाच्या दारात परातभर सांबारवडी ठेवून जायची. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे पुण्याच्या वाचकांना सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल आम्ही वड्या वरणात बुडवतो. आत काय चाललंय ते ती कधी विचारायची नाही. वाजवणारे चार असले तरी वड्या पाच जणांच्या असायच्या. पाचवी वाटणी मोठीआई परत उचलून न्यायची; ती कुणासाठी ते मला पुढं कळलं.

मोठेबाबांचा नियम एकच होता, आणि तो माझ्यापुरता होता. "गोदामात वाजवजो. चौकात नाई." मामा, चाचा, भाऊराव बाहेर जायचे, कुणाच्या बारशाला, शाळेच्या गॅदरिंगला. मी घरी. एकोणिसावं लागलं तशी माझ्यासाठी स्थळं यायला लागली, आणि हिंगणघाटच्या एका घरानं सगळं पसंत करून एकच अट घातली, मुलीनं ते फुंकणं सोडावं. मोठेबाबांना अट वाजवी वाटली. येत्या रविवारी ते लोक सुपारी फोडायला येणार, असं ठरलं. मी जेवणं सोडलं वगैरे नाही, मला भूक फार लागते. पण गोदामात जाऊन पुसलेलंच क्लॅरिनेट पुन्हा पुन्हा पुसायचे. हे आपल्याकडून घेतलं तर आपण उरतो कोण, हे मला खरंच कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात केळझरचं पत्र आलं. त्याचं मूळ एका पाटीत होतं. मामानं हौसेनं गोदामाच्या रस्त्याकडच्या दारावर पाटी लावायची ठरवली होती. आमच्या संगीताला आम्ही गावठी उच्चारात झाज म्हणायचो, आणि मामानं पेंटरला चिठ्ठीवर तसंच लिहून दिलं: झाज पार्टी, पुलगाव. पेंटर शिकलेला होता. त्याला वाटलं, फौजी माणूस, शुद्धलेखन कच्चं. पाटी घेऊन आला ती "झांज पार्टी, पुलगाव." वर मामालाच म्हणाला, "एक टिंब राह्यलं होतं मामा, मी देऊन टाकलं." मामानं कपाळाला हात लावला, पण रंग वाळला होता. केळझरच्या गणपतीच्या टेकडीखाली एक भजनी मंडळ होतं. त्यांचं कुणी ढेप न्यायला आमच्याकडं आलं, पाटी वाचली, पत्ता टिपून घेतला. आणि आता जत्रेच्या दिवशी दुपारी आपली झांज पार्टी घेऊन यावे, असं सविनय आमंत्रण आलं होतं.

घरातली पत्रं मोठेबाबाच फोडायचे. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. दर चतुर्थीला केळझरला जाणारा माणूस तो, आणि स्वतः भजनात झांज वाजवणारा.

"झांज? तुम्ही लोकं झांज कधीपासून वाजवून राह्यले बे?"

मामा सरळ माणूस. तो तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला आणि म्हटलं, "भाऊरावांकडं आहे ना झांज, मोठेबाबा."

"मंग तू बी जाजो. देवाच्या दारी झांज वाजवायले पोरीले कोन नाई म्हनन? मी बी येतो. पन ते पिपानी घरी राहू देजो."

मी मान डोलावली. सगळ्या आयुष्यात मी मोठं खोटं एकदाच बोलले, आणि तेसुद्धा तोंड न उघडता. सकाळी निघताना क्लॅरिनेटचे पाचही तुकडे सुटे करून, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घालत होते, तर मागं मोठीआई उभी. तिनं डब्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हातातल्या वड्या केळीच्या पानावर ठेवून त्या फडक्यावर नीट रचल्या. "झाकन घट्ट लावजो," एवढंच म्हणाली.

वर्ध्यापर्यंत रेल्वे, पुढं बस. चाचांच्या भोंग्याला बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि चाचा उभे राहिले. मोठेबाबा अख्ख्या बसला सांगत होते, "मायी पुतनी आहे. केळझरले झांज वाजवायले जाऊन राह्यली. पत्र आलं होतं." कंडक्टरलासुद्धा सांगितलं. ते इतके खूश होते की मला डबा मांडीवर धरवत नव्हता.

मंडपात पोचलो तर तीस-चाळीस म्हातारे स्वच्छ टोप्या घालून, आपापल्या झांजा पुढ्यात ठेवून बसलेले. पुलगावची झांज पार्टी येणार, तिच्या साथीला आपलीही झांज हवी, म्हणून आसपासच्या गावांतून आलेले. मंडळाचे अध्यक्ष श्रावणजी आमच्याकडं बघत राहिले, मग आमच्या मागं रस्त्याकडं. "बाकीचं पथक मागून येऊन राह्यलं काय?"

मामाला आता राहवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं, पाटी, पेंटर, टिंब. श्रावणजी बिचारे भले माणूस, त्यांना राग आला नाही, कुणीतरी गेल्यासारखं तोंड झालं फक्त. "म्हंजे झांज नाईच?" भाऊराव लगबगीनं म्हणाले, "आहे ना!" आणि पायझांज उभी करून त्यांनी चप्पल काढून पायट्यावर पाय ठेवला. छक.

सगळा मंडप उठला. "झांजेले पाय! देवापुढं झांजेले पाय लावते!" भाऊरावांनी चटका बसल्यासारखा पाय मागं घेतला आणि दोन्ही कान धरले. आमच्यापैकी एकाच्याही हे कधी मनात आलं नव्हतं. गोदामात ती नुसती एक वस्तू होती, इथं आल्यावर दिसलं की ती झांज आहे. श्रावणजींनी हात जोडले. "बसा, जेवा, दर्शन घ्या. वाजवनं राहू द्या."

मोठेबाबा काळेठिक्कर पडले होते. ते माझ्याकडं वळले. "तुले मालूम होतं?"

मी हो म्हटलं. मग वाटलं, अर्धं कशाला, आणि डब्याचं झाकण काढलं, वड्या बाजूला केल्या, फडकं सोडलं. त्यांनी ते तुकडे बघितले.

"मले फसवून देवाच्या दारी आनलं तू," ते हळू म्हणाले. हळू बोलले की ते फार रागावलेले असत. "आता हे इथंच संपलं. रविवारी हिंगनघाटवाल्यायले शब्द देतो."

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि तो मोठेबाबांचा नव्हता, पेंटरचाही नव्हता. आठ वर्षं ढेपेच्या पोत्यांना ऐकवलं, आणि माणसं बसलेली दिसली ती आज, पहिल्यांदा, तीही उठून चाललेली. संपायचंच असेल तर माणसांसमोर संपू दे. मी खाली बसले, एकात एक तुकडा घातला, फुंकायच्या टोकावरची पत्ती जिभेवर ओली केली, आणि उभी राहून फुंकलं. त्या सगळ्यांना पाठ असलेली आरतीची चाल, अगदी सरळ, एकही हरकत न घेता. क्लॅरिनेटला थोडा सांबारवडीचा वास येत होता. पहिली ओळ एकटीनं वाजवली. दुसऱ्या ओळीला खालून चाचांचा भोंगा आला, मोठा, गोल, पायाखाली जमीन यावी तसा. मामानं ट्रम्पेट उचललं. भाऊराव नुसत्या काठ्यांनी, पाय मांडीखाली घेऊन, ड्रम धरून बसले.

उठलेले म्हातारे थांबले. चाल ओळखीची, देवाची, आणि तरी अशी कधी न ऐकलेली. एकेक जण खाली बसला. पण आमचं गाडं चालत नव्हतं. पायझांज गप्प होती, दोन आणि चारच्या जागी भोक पडलं होतं. म्हाताऱ्यांनी मदतीला झांजा उचलल्या, आणि सवयीनं दिल्या त्या एकवर. दाणकन. चाळीस झांजा एकवर पडल्या की सगळं जमिनीला टेकतं. मामा ट्रम्पेट काढून ओरडला, "एक छोडो! एक सोडा!" कुणाला काही कळेना. एक कशाला सोडायचा, समेवर तर झांज द्यायची असते! मी वाजवतेच आहे, दम संपत आलाय, आणि मला दिसतंय की आता हे मोडणार.

तेव्हा डावीकडून आवाज आला. छक. दोनवर. मग चारवर. छक. पुन्हा दोनवर, एवढ्या नेमकेपणानं की मला वाटलं भाऊरावांनी पाय लावला. वळून बघितलं तर मोठेबाबा. कुणाचीतरी झांज हातात घेऊन, डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून, देत होते. एक मनात ठेवत होते आणि दोन सांगत होते. शिकवलं कुणी या माणसाला? आठ वर्षं भिंतीपलीकडं गादीवर बसून, सरकीचे भाव सांगत, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत, हा माणूस रोज ऐकत होता. आणि पाचव्या वाटणीच्या वड्या कुठं जात होत्या तेही मला त्याच क्षणी, भर वाजवताना, कळलं.

श्रावणजींनी मोठेबाबांच्या हाताकडं बघून आपली झांज दिली. मग शेजारच्यानं. मग चाळीसही. दोनवर चाळीस, चारवर चाळीस, आणि मधे भोंगा चालतोय डुलत डुलत. मी म्हातारी झाले, बऱ्याच मोठ्या ठिकाणी वाजवून आले, उत्तम उत्तम ड्रमवाले माझ्यामागं बसले. तसला ठेका पुन्हा मिळाला नाही. मी चाल सोडली आणि निघाले. वर गेले, खाली आले, आरतीच्या भोवती फिरून पुन्हा आरतीत आले. दरवेळी आले की मंडप "हाव!" असा मोठ्यानं होकार द्यायचा. मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळं त्याचे दोन सूर चुकले. टेकडीवर दर्शनाला गेलेली माणसं उतरून आली. बाया पदर खोचून उभ्या राहिल्या. आम्ही किती वेळ वाजवलं कोण जाणे, जेवणाची पंगत थंड झाली आणि कुणी तक्रार केली नाही. संपलं तेव्हा श्रावणजी म्हणाले, "पुढच्या जत्रेले बी येजो. अन् त्या पायझांजेले दुसरं काई नाव द्या बाप्पा."

परतीच्या बसमध्ये मोठेबाबा खिडकीशी बसले होते. मी डबा उघडून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी वडी घेतली, खाल्ली, बोटं पुसली. वर्धा आलं तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हिंगनघाटवाल्यायले कारड टाकतो. पोरगी वाजवते. चालत असंल तं या, नाई तं नका येऊ." ते आले नाहीत. ज्यांना चाललं ते दोन वर्षांनी आर्वीहून आले, आणि आजही प्रवासात माझा डबा तेच उचलतात. त्या दिवशी मात्र मी जिंकले होते आणि मला मोठेबाबांच्या पाया पडावंसं वाटत होतं, आणि बसमध्ये तेवढी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा शिडी लावून गोदामाच्या दारावर चढला होता. हातात पत्र्याचा तुकडा, टिंब खरवडायला. एवढं रामायण झाल्यावर निदान पाटी तरी शुद्ध असावी, असं त्याचं म्हणणं. मी खाली शिडी धरून उभी होते. दुकानातून मोठेबाबा बाहेर आले. काखेत एक फडक्याची पुरचुंडी होती, तिच्यातून त्यांची स्वतःची, भजनातली झांज डोकावत होती.

"काय करून राह्यला मनू?"

"टिंब काढतो, भाऊजी. चुकीचं आहे ते."

"उतर खाली," मोठेबाबा म्हणाले. "बाकीचं तुमचं असंल. ते टिंब माह्यं आहे."

आणि दुपारचा भोंगा व्हायची वाट न बघता ते गोदामात शिरले आणि भाऊरावांच्या ड्रमच्या डाव्या हाताला एका ढेपेच्या पोत्यावर बसले. पुढची एकवीस वर्षं ती जागा त्यांची होती. आता त्यांची झांज माझ्याकडं आहे, त्या जागेवर भाऊरावांची नात बसते, आणि ढेप जाऊन गोदामात खुर्च्या आल्या आहेत. पाटी आजवर चार वेळा रंगवून झाली. प्रत्येक नवा पेंटर मला सांगतो, आजी, जॅझ असं नसतं लिहीत. मी दारासमोर खुर्ची टाकून बसते आणि त्याला आधी टिंब द्यायला लावते. अक्षरं मग.